तिसऱ्या रांगेतली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चाळिशी केव्हाच उलटली. एवढ्या वर्षांत माणसांनी माझ्यातून जितकं पाहिलं, त्याच्या दसपट ती माझ्यामागे बसून बडबडली आहेत. तेव्हा माणसांच्या मतांबद्दल माझं मत काही चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणाला राग आला तर येऊ दे. माझं काम दाखवायचं आहे, खूश करायचं नाही.

माझा जन्म तोक्योतल्या इताबाशी भागातला. तिथल्या गल्ल्यांत एकेकाळी घरोघरी दुर्बिणींचे सुटे भाग तयार व्हायचे. कुणी नुसती काच घासायचा, कुणी नुसती नळकांडी कातायचा. सगळ्यात शेवटी मी एका पन्नाशीच्या बाईच्या हाती आले. तिचं काम एकच होतं. माझ्या दोन नळ्या अशा जुळवायच्या की दोन डोळ्यांना मिळून एकच चित्र दिसावं. तिनं मला खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखलं आणि तासभर बारीक बारीक स्क्रू फिरवत राहिली. त्या तासात ती एक शब्द बोलली नाही. पाहणं हे गप्प राहून करायचं काम आहे, अशी माझी समजूत झाली ती तिथेच. ती समजूत पुढे किती महागात पडणार आहे याची मला कल्पना नव्हती.

माझे पहिले मालक मोरिता-सान, म्हणजे मोरितासाहेब. नागोयातल्या त्सुरुमाकी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे चाहते. फुटबॉल म्हटलं की तुम्हाला पायानं मारायचा चेंडू आठवेल. हा खेळ वेगळा. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि अकरा जणांनी समोरच्या अकरा जणांना धडका देत चेंडू पुढे न्यायचा. चेंडू फेकणारा एक असतो आणि त्याच्यासमोर पाच धिप्पाड पोरं भिंतीसारखी उभी असतात. चेंडू फेकणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. भिंतीतल्या विटांची नावं कुणाला माहीत नसतात. वीट निखळली की मात्र तिचा नंबर सगळ्यांच्या तोंडी येतो.

मोरिता-सान मला डोळ्यांना लावायचे आणि संपूर्ण सामना त्या पाच विटांकडे पाहत बसायचे. घरी गेल्यावर मऊ कापडानं माझ्या काचा पुसायचे आणि मला एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पाकिटात ओल शोषणाऱ्या ज्या छोट्या पुड्या येतात ना, त्या ते जपून ठेवत आणि माझ्या डब्यात टाकत. जपानात पावसाळी हवेचा एक महिना असतो. त्या दिवसांत भिंतींनाही बुरशी येते. काचेलाही येते, हे मोरिता-सानना माहीत होतं. त्यांनी माझी फार निगा राखली, आणि मी त्यांना कधी खोटं दाखवलं नाही.

ते गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं मला ओसु बाजारातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दिलं. तिथे तीन वर्षं मी एका मोडक्या कॅमेऱ्याखाली पडून होते. तिथून मला उचललं ते शशिकांतनं.

शशिकांत मूळचा पुण्याचा. धातूंवर संशोधन करतो. पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरेटसाठी त्सुरुमाकी विद्यापीठात आला, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, या संघाचे भक्त होते. रविवारी सामन्याला न येणाऱ्या विद्यार्थ्याशी ते सोमवारी धड बोलत नसत. शशिकांत आधी भीतीपोटी गेला, मग सवयीनं गेला आणि मग त्याला मतं फुटली. डॉक्टरेट झाली, शहरातल्याच एका संस्थेत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मतं थांबली नाहीत. तोंडी सांगून भागेना, म्हणून इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या कट्ट्यावर तो लिहू लागला. तिथे कुणी खरं नाव देत नाही. मैदानात तो कायम तिसऱ्या रांगेत बसायचा, म्हणून त्यानं नाव घेतलं ‘तिसरी रांग’. या नावावर त्याचा फार जीव होता. आपल्याला कुणी ओळखत नाही या आनंदात माणूस किती पातळी सोडतो, ते मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपशेजारी बसून पाहिलं आहे.

प्रयोगशाळेत हाच माणूस एक आकडा लिहायच्या आधी तो तीनदा तपासतो. मैदानात मात्र त्याला तपासायची गरज वाटत नसे. खेळ सुरू झाला की तो मला डोळ्यांना लावी, दोन सेकंद बघे, मला खाली टाकी आणि पुढची दोन मिनिटं बोले. बोलता बोलता पुढचा डाव होऊन जाई. तो न पाहिलेल्या डावाबद्दलही त्याचं मत तयार असे. संघ जिंकला की ‘आपण जिंकलो’, आणि हरला की ‘ही पोरं हरली’. एवढी सोय तर देवळातल्या देवालाही मिळत नाही.

त्याला जोडीदारही तसाच मिळाला होता. विनायक, मूळचा ठाण्याचा, नागोयाच्या एका मोटार कंपनीतला इंजिनियर. त्याच्या ऑफिसातले सगळे कितामोरी विद्यापीठाचे, म्हणून हाही कितामोरीचा. त्सुरुमाकी आणि कितामोरी यांचं वैर जुनं. दर नोव्हेंबरात त्यांचा शेवटचा सामना होतो आणि तो हरलेला संघ वर्षभर मान खाली घालून फिरतो. कितामोरी खाजगी विद्यापीठ आहे. ते हायस्कूलमध्ये हा खेळ खेळलेली तयार पोरं वेचून आणतं. त्सुरुमाकी सरकारी. तिथे अवघड परीक्षा दिल्याशिवाय कुणाला प्रवेश नाही, मग खांदे कितीही रुंद असोत. त्यामुळे तिथली भरती होते एप्रिलमध्ये, विद्यापीठाच्या फाटकाशी. त्याला शिनकान म्हणतात. जुनी पोरं पॅड आणि हेल्मेट घालून उभी राहतात, नव्या पोरांच्या हातात पत्रकं कोंबतात आणि जो जरा अंगानं बरा दिसेल त्याला संध्याकाळी शेगडीवर भाजलेल्या मांसाचं जेवण पोटभर खाऊ घालतात. जन्मात चेंडूला हात न लावलेला पोरगा चार दिवस फुकट जेवतो आणि पाचव्या दिवशी भिडेपोटी संघात नाव घालतो.

“आमच्याकडे भरती होते, तुमच्याकडे भंडारा होतो,” विनायक म्हणायचा.

“आमची पोरं डोक्यानं खेळतात,” शशिकांत म्हणायचा. “तुमच्यातल्या एकाला तरी विचार, अकरापुढे आकडे येतात का?”

“आकडे बोर्डवर दिसतात रे. गेल्या वर्षी किती होते? एकतीस विरुद्ध सहा ना?”

दोघांपैकी एकानंही उभ्या आयुष्यात कुणाला धडक दिलेली नव्हती. विनायकला तर भुयारी रेल्वेचा जिना चढला की धाप लागायची. पण कुणाचे पाय मंद आहेत, कुणाच्या मनगटात जोर नाही, कुणाला काढून टाकायला हवं, हे दोघांना बसल्या जागी कळायचं. माझ्या काचा घासणाऱ्या माणसाला एक काच नीट घासायला नऊ वर्षं शिकावं लागलं होतं. मत द्यायला काहीच शिकावं लागत नाही, हे मी या दोघांकडून शिकले.

आता माझ्या दुर्दशेकडे येते. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक सराव सामना भर पावसात झाला. शशिकांतनं मला ओलीच पिशवीत कोंबलं आणि घरी येऊन पांघरुणांच्या कपाटात भिरकावलं. तो अख्खा दमट महिना मी तिथे पडून होते. त्याची बायको सुमेधा नोरीच्या पाकिटातल्या त्याच पुड्या हळदीच्या आणि पापडाच्या डब्यात घालत असे. पापडांची काळजी होती, माझी नव्हती. सप्टेंबरात मला बाहेर काढलं, तेव्हा माझ्या दोन्ही नळ्यांत, उजवीत जरा जास्तच, आतल्या बाजूला बुरशीचं जाळं धरलं होतं. लांबचं माणूस दिसे, जर्सीचा रंग दिसे. पण इंग्रजी तीन आणि आठ यांतला कुठला आकडा आहे, ते सांगता येत नसे.

दोन सेकंद बघणाऱ्या माणसाला हे कुठून कळणार? त्यानं एक डोळा मिटून बघायला सुरुवात केली आणि ‘असंच जास्त चांगलं दिसतं’ असं विनायकला सांगितलं.

त्याच वर्षी संघाच्या भिंतीत एक नवी वीट आली. हायाकावा, नंबर त्रेसष्ट. शाळेत तो ट्रॉम्बोन वाजवायचा. शिनकानमध्ये सापडला, कारण उंच होता आणि नाही म्हणायला लाजायचा. त्याच्या शेजारच्या जागेवर ओगाता उभा राही, नंबर अडुसष्ट. पुढे ओगाता संघाचा कप्तान झाला. चाहत्यांचा लाडका, दिसायला वाघ. शशिकांतचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं की ओगाता म्हणजे भिंत आणि हायाकावा म्हणजे वाऱ्यानं उघडणारं दार. त्यानंतर त्या भिंतीत काहीही चांगलं झालं की तो अडुसष्ट आणि काहीही बिघडलं की तो त्रेसष्ट. मी फक्त धूसर दाखवत होते. कुठला आकडा वाचायचा, ते त्याचं तो ठरवत होता.

“त्रेसष्टला उभं करण्यापेक्षा तिथे एक कपाट ठेवा,” त्यानं एका रविवारी कट्ट्यावर लिहिलं. “धडकणाऱ्याला निदान लागेल तरी.” खाली तीसचाळीस जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. त्यातल्या निम्म्यांनी तो सामना पाहिलेलाही नव्हता. शशिकांतनं ते सुमेधाला मराठीत वाचून दाखवलं.

“शशी, त्या पोराला कुठे तरी आई असेल की,” ती म्हणाली.

“खेळात असं चालतं गं. टीका झाली तरच सुधारणा होते.”

सुधारणा हा शब्द ऐकला की मला अजून शिसारी येते. ज्याला दुसऱ्याला टोचायचं असतं, तो खिशात हा शब्द घेऊन फिरतो.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्याची मुलगी आर्या त्सुरुमाकी विद्यापीठात दाखल झाली. तिचा जन्म नागोयाचा. मराठी समजतं, बोलते तुटक. तीही शिनकानला गेली आणि संघात शिरली, खेळायला नव्हे, तर फिल्म घेणाऱ्या आणि तपासणाऱ्या गटात. मैदानाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कॅमेरा लावायचा, प्रत्येक डाव टिपायचा आणि मग कोण कुठे होतं, कुणाचं चुकलं, ते तासन् तास पाहून वहीत उतरवायचं. शशिकांत हरखून गेला. आता आपल्याला आतल्या बातम्या कळणार असं त्याला वाटलं. आर्या घरी येऊन एक शब्द बोलत नसे. “कशी काय तयारी?” असं त्यानं विचारलं, तर “फुत्सू,” म्हणजे नेहमीसारखी, एवढं म्हणून ती खोलीत जायची. पोरीला माझा वसा मिळाला होता. मला ती आवडायची.

सप्टेंबर, ऑक्टोबर असे सामने होत गेले. संघ दोन जिंकला, तीन हरला. तिसऱ्या रांगेचा आवाज चढत गेला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघानं एक छोटी सूचना लावली की नंबर त्रेसष्ट हायाकावा यानं वैयक्तिक कारणानं संघ सोडला आहे. कितामोरीशी सामना तीन आठवड्यांवर आला होता.

रविवारी सकाळी शशिकांत पोहे खात होता. “गेला एकदाचा,” तो म्हणाला. “दोन वर्षं ओरडून सांगत होतो. आता बघ भिंत कशी उभी राहते.”

आर्यानं हातातला चमचा खाली ठेवला. मग ती उठली आणि मला उचलून बाल्कनीत गेली.

“बाबा, इकडे या. समोरच्या पार्किंगमधली पांढरी गाडी. यातून नंबर वाचा.”

“आत्ता? पोहे गार होतील.”

“वाचा.”

त्यानं सवयीनं एक डोळा मिटला. “अडतीस, अठ्ठ्याऐंशी.”

आर्यानं फोनवर त्याच गाडीचा फोटो मोठा करून दाखवला. तिथे तेहेतीस, त्र्याऐंशी होते. ऊन डोळ्यांवर येतंय, असं तो म्हणाला. तिनं शेजारची निळी गाडी वाचायला लावली. या खेपेला त्यानं आठाचा तीन केला. मग त्यानं मला उलटं करून माझ्या काचेत डोकावून पाहिलं.

“या सीझनला तुम्ही त्रेसष्टबद्दल एकोणीस वेळा वाईट लिहिलं,” आर्या म्हणाली. “मी सगळं फिल्मवर चेक केलं. चौदा वेळा ते ओगाता-सान होते. तीन वेळा कुणाचीच चूक नव्हती. हायाकावा-सानची चूक फक्त दोनदा.”

“तू… तुला कसं कळलं, मी लिहितो ते?”

“मिन्ना शित्तेरु, बाबा. सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या रांगेत दुर्बीण घेऊन बसणारा इंडियन माणूस नागोयात एकच आहे.”

मग तिनं त्याला त्यांच्या संघाची रीत सांगितली. कट्ट्यावर जे जे छापून येतं, ते दर सोमवारी कागदावर काढून क्लबच्या खोलीत भिंतीला लावतात. वाईट वाटून घ्यायचं नाही, लपवायचं नाही. प्रत्येक मत फिल्मवर तपासायचं आणि वहीत त्याच्यासमोर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहायचं. हे काम पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचं. तिसऱ्या रांगेची मतं तपासायचं काम आर्याला दिलं होतं. दुसऱ्या कुणाला तिच्यासमोर तिच्या वडिलांच्या नावापुढे ‘चूक’ लिहायला अवघड वाटलं असतं, म्हणून.

“तुला कुणी काही बोललं?” शशिकांतनं विचारलं.

“नाही. कुणीच काही नाही बोललं. माझ्याशी सगळे जरा जास्तच चांगले वागतात. ते जास्त कठीण आहे. ओगाता-सान दर सोमवारी सगळ्यांसमोर उभे राहून सांगायचे, ही माझी चूक आहे, हायाकावाची नाही. तरी तो गेला.”

मित्रांनो, आतापर्यंत मी माणसांची निंदा करत आले. त्या सकाळी मला स्वतःचीच किळस आली. माझ्या पोटात बुरशी होती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती बाई तासभर गप्प बसली होती कारण ती पाहत होती. मी दोन वर्षं गप्प बसले आणि एका ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या पोराच्या अंगावर दुसऱ्याच्या चुका चिकटू दिल्या. मला तोंड नाही ही सबब खरी आहे, पण तिनं माझं समाधान होत नाही.

शशिकांतनं मला दुरुस्तीला नेलं. ओसुच्याच मागच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी माझ्या नळ्या उघडल्या, काच उजेडाला धरली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“यातून तुम्ही काय बघत होतात?” त्यांनी विचारलं.

“फुटबॉल.”

“नाही,” म्हातारे शांतपणे म्हणाले. “यातून फुटबॉल दिसणार नाही.” आणि ते काच पुसायला लागले.

कितामोरीच्या सामन्याला मी स्वच्छ होऊन गेले. शशिकांतनं त्या दिवशी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि मला खाली ठेवलंच नाही. त्रेसष्टच्या जागी पहिल्या वर्षाचा एक पोरगा उभा होता आणि चेंडू सुटायच्या आधी तो सारखा ओगाताकडे बघत होता. त्याला सांभाळायला ओगाता दर डावाला अर्धं पाऊल त्याच्या बाजूला सरके, आणि मग त्याची स्वतःची बाजू उघडी पडे. कितामोरीची वेचून आणलेली पोरं तिथूनच आत घुसत होती. आधीच्या सामन्यांत ओगाताच्या बाजूनं सुटायचं ते हायाकावा सावरून घ्यायचा. हे शशिकांतला पहिल्यांदा दिसलं, तेव्हा सावरणारा मैदानात नव्हता. अडतीस विरुद्ध तीन अशी हार झाली.

“आज मौनव्रत का?” विनायक वाकून म्हणाला. “त्रेसष्ट गेला तरी भिंत पडलीच की रे तुमची.”

शशिकांत माझ्या काचा पुसत राहिला. विनायकनं आणखी दोन टोमणे मारून पाहिले आणि मग तो आपल्या ऑफिसच्या माणसांकडे निघून गेला. जिंकल्यावर ऐकायला कुणी नसेल तर त्या जिंकण्यात त्याला गोडी नव्हती.

त्या संध्याकाळी शशिकांतनं कट्ट्यावर आपलं खरं नाव लिहिलं. एकोणीसचे एकोणीस डाव तारखेसकट मांडले, कुठे काय चुकीचं लिहिलं होतं ते सांगितलं आणि हायाकावाची माफी मागितली. या खेपेला हसण्याच्या खुणा कुणी टाकल्या नाहीत. चुकलं असं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते कट्ट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. सोमवारी तो कागदही भिंतीला लागला. आर्यानं तो फिल्मवर तपासला आणि वहीत त्यासमोर ‘बरोबर’ लिहिलं. घरी येऊन तिनं तेवढं सांगितलं, आणि शशिकांतच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. एक कागद लिहिला की आपण मोकळे झालो असं माणसाला फार पटकन वाटतं.

पुरतं मोकळं व्हायला एवढंच राहिलं होतं की पोराला प्रत्यक्ष भेटावं. हायाकावा शनिवारी एका कोनबिनीत बाइतो करतो, असं आर्यानं सांगितलं. कोनबिनी म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं दुकान, आणि बाइतो म्हणजे विद्यार्थी करतात ती थोड्या तासांची नोकरी. शनिवारी दुपारी शशिकांत निघाला. निघताना त्यानं मला बरोबर घेतलं. मला वाटलं, नुसती सवय. पण तो मला पुरावा म्हणून नेत होता.

हायाकावा गल्ल्यावर उभा होता. तो इतका उंच होता की वरच्या सिगारेटच्या फळीला त्याचं डोकं लागत होतं. शशिकांतनं एक भाताचा त्रिकोणी ओनिगिरी समोर ठेवला.

“गरम करून देऊ का?” हायाकावानं विचारलं.

“हायाकावा-कुन,” शशिकांत म्हणाला, “मी तिसरी रांग.”

“हो.” पोरानं मान लववली. “मला माहीत आहे.”

शशिकांतनं मला पिशवीतून काढून गल्ल्यावर ठेवलं. “हिला आत बुरशी लागली होती. तीन आणि आठ नीट दिसत नव्हते. म्हणजे… माझा तसा हेतू नव्हता. दुर्बिणीत दोष होता.”

मित्रांनो, मी तिथे गल्ल्यावर पडले होते, लख्ख पुसलेली. माझा दोष होता, हे खरं. पण ‘कपाट ठेवा’ हे मी म्हटलं नव्हतं. त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका तिटकारा आला, तितका कधीच आला नव्हता.

हायाकावानं मला उचललं. डोळ्यांना लावलं नाही, नुसतं हातात तोललं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शशिकांतला सोपं गेलं असतं.

“ओगाता-सान म्हणायचे, चूक त्यांची आहे,” तो म्हणाला. “मला वाटायचं, वरच्या वर्षाचे सेन्पाई आहेत, धाकट्याला सांभाळून घेतायत. फिल्ममध्ये माझी चूक दिसायची नाही. पण फिल्म खूप वरून घेतलेली असते, नुसता माणसांचा ढीग दिसतो. मी मैदानातून वर बघायचो, तर तुमच्याकडे दुर्बीण असायची.” त्यानं मला हळूच शशिकांतसमोर ठेवलं. “म्हणून मला वाटायचं, बाकी कुणाला दिसत नसलं तरी या माणसाला नक्की दिसतंय.”

शशिकांतनं मला पिशवीत ठेवलं. मागे एक बाई दूध घेऊन खोळंबली होती. हायाकावानं ओनिगिरी पिशवीत घातला, दोन्ही हातांनी पुढे केला, मान लववली आणि त्या बाईला पुढे यायची खूण केली.

त्यानंतर तो संघात परतला नाही. शशिकांत आता मला दर आठवड्याला पुसतो, कोरड्या डब्यात ठेवतो, पुड्या बदलतो. मैदानात जातो आणि गप्प बसतो. माझी अशी बडदास्त ठेवल्याबद्दल मी त्याचे आभार मानावेत, असं कुणाला वाटत असेल, तर वाटो.

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटात माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला बाहेर काढा. मऊ कापडानं पुसा, ओलीपासून जपा, आतली काच उजेडाला धरून बघा. आणि तिच्यातून नीट बघायचं नसेल, नुसतं बोलायचंच असेल, तर कृपा करून तिला गळ्यात घालून मिरवू नका. खाली मैदानात धडका खाणारं कुणी तरी वर बघत असतं, आणि त्याला वाटतं, तुम्हाला दिसतंय.